जुन्या गाडीच्या नव्या व्हील कॅपा: फिनिश कोणतं घ्यायचं?

जुनी पद्मिनी किंवा अँबेसिडर दारात आली की पैसा आणि जीव दोन्ही इंजिनात, टिंकरिंगमध्ये आणि रंगात जातात. व्हील कॅपांची पाळी शेवटी येते, तोवर खिसा रिकामा आणि सबुरी संपलेली. जुन्या कॅपा एक तर चेपलेल्या असतात, नाहीतर चारातल्या दोनच उरलेल्या असतात. मग नव्या बनवून घ्यायचं ठरतं आणि गॅरेजमधलं कुणीतरी सांगतं, "चार करून घ्या आणि वर क्रोम मारून टाका." एवढ्याच सूचनेवर कामाला दिलंत तर हातात काहीही येऊ शकतं. पहिल्याच पावसात तांबूस ठिपके धरणारी कॅप येईल, बम्परशेजारी निळसर दिसणारी येईल, नाहीतर अक्षरं घासून सपाट झालेली येईल.

माझं मत आधीच सांगतो. फिनिश चकाकीवरून निवडू नका. कॅप कोणत्या धातूची आहे आणि तिच्याजवळ गाडीवर आणखी काय चमकतंय, या दोन गोष्टी बघून निवडा. दुकानातल्या दिव्याखाली सगळंच चमकतं.

जवळ काय ठेवायचं:

- मूळ कॅप, निदान एक तरी. चेपलेली, गंजलेली कशीही चालेल, पण टाकू नका.
- साधं लोहचुंबक आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा
- व्हर्नियर कॅलिपर
- बम्पर, ग्रिल, हेडलाइटची रिंग आणि दारांची हँडलं यांचे उन्हात काढलेले फोटो
- गाडीचं आरसी बुक, म्हणजे वर्षाबद्दल वाद नको
- सुती हातमोजे, मार्कर, जुनी सुती कापडं
- कामाचा तपशील लिहिलेला कागद, दोन प्रतींत. एकीवर प्लेटरची, म्हणजे विजेनं धातूचा मुलामा देणाऱ्याची, सही घ्यायची.

१. गाडीचं वर्ष बघा

क्रोमचं विजेनं प्लेटिंग व्यवहारात आलं ते १९२० च्या दशकात. कोलंबिया विद्यापीठात फिंक आणि एल्ड्रिज यांनी १९२४ च्या सुमारास ती पद्धत पक्की केली आणि दशक संपता संपता मोटार कंपन्यांनी ती उचलली. त्याआधीच्या गाड्यांवर निकेल असे, काहींवर नुसतं घासलेलं पितळ. म्हणून १९२५ च्या गाडीवर झगझगीत क्रोमच्या कॅपा बसवल्या की जाणकाराला ते लांबूनच खटकतं. निकेलला किंचित पिवळसर, उबदार झाक असते. क्रोम थंड, निळसर दिसतं.

फोर्डचं मॉडेल ए हे याचं चांगलं उदाहरण. १९२८–२९ च्या गाड्यांवर निकेल होतं आणि १९३०–३१ मध्ये तिथे स्टेनलेस स्टील आलं. मॉडेल एकच, पण दोन वर्षांत धातूच बदलला. अमेरिकन गाडी १९५१ ते १९५३ मधली असेल तर आणखी एक भानगड आहे. कोरियन युद्धामुळे तिथे निकेलवर निर्बंध आले होते. तांब्यावर पातळ क्रोम आणि वर पारदर्शक लॅकर असं काम होऊ लागलं आणि ते लवकर खराबही झालं. अस्सलपणाच्या हट्टापायी ते मात्र कुणी पुन्हा करू नये.

आपल्याकडच्या बहुतेकांचा प्रश्न एवढा जुना नसतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली ११०० डिलाइट किंवा नंतरची पद्मिनी असो, की उत्तरपाड्याची अँबेसिडर असो, हा सगळा काळ क्रोमचाच. अडचण वेगळीच आहे. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून टॅक्सींचे सुटे भाग एकीचे दुसरीला लागत आले आहेत. चोर बाजारातून किंवा कुर्ल्याच्या भंगारातून "ओरिजिनल" म्हणून आणलेली कॅप आधीच कुणीतरी करून घेतलेली नक्कल असू शकते. तिला नमुना मानण्याआधी पुढची पायरी करा.

२. कॅप कशाची आहे ते ओळखा

चुंबक लावा. घट्ट चिकटलं तर लोखंडी पत्रा, किंवा ४३० ग्रेडचं स्टेनलेस. अजिबात चिकटलं नाही तर पितळ, ॲल्युमिनियम, जस्ताचं कास्टिंग किंवा ३०४ स्टेनलेस. ३०४ दाबून वा फिरवून आकाराला आणलं की कडेला हलकंसं चुंबक धरतं, त्यानं गोंधळून जाऊ नका. मग हातात तोलून बघा. ॲल्युमिनियमचं वजन त्याच आकाराच्या लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश भरतं, ते लगेच कळतं. शेवटी मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कानशीचा एक हलका फटका मारा. पिवळं दिसलं की पितळ.

नवी कॅप बनवून घेत असाल तर धातू तुमच्या हातात आहे. चार-पाच नगांसाठी प्रेसची डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, करणं परवडत नाही. त्यापेक्षा लेथवर साच्याभोवती पत्रा फिरवून दाबणारा स्पिनिंगवाला गाठा. भांडी बनवणाऱ्यांत असे कारागीर आहेत आणि गोल, घुमटाकार वस्तूत त्यांचा हात बसलेला असतो. या पद्धतीला पितळ फार मानवतं. ते मऊ असतं, सहज आकार घेतं, गंजत नाही आणि त्यावर निकेल चांगलं धरतं. लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण प्लेटिंगमध्ये सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी तिथून गंज बाहेर येतो. ३०४ स्टेनलेस फिरवताना कडक होत जातं. खोल आकार असेल तर मध्येच तापवून मऊ करावं लागतं, नाहीतर कड फाटते.

३. बम्परशेजारी धरून बघा

सकाळच्या उजेडात, मोकळ्या जागेत, नमुन्याचा तुकडा बम्परला लावून बघा. ट्यूबलाइटखाली किंवा एलईडीखाली रंगाचा निर्णय घेऊ नका.

क्रोममध्येही दोन जाती आहेत. जुन्या पद्धतीचं, हेक्झाव्हॅलंट क्रोमिक आम्लाच्या टाकीतलं क्रोम निळसर असतं. नवं ट्रायव्हॅलंट क्रोम थोडं करडं, काही प्रकारांत किंचित काळपट दिसतं, जरी त्यातले सल्फेटवर चालणारे प्रकार जुन्या रंगाच्या बरेच जवळ आलेत. हेक्झाव्हॅलंट क्रोम कर्करोगकारक आहे, म्हणून जगभर ते आवळलं जातंय. युरोपात २०१७ पासून ते खास परवानगीशिवाय वापरता येत नाही आणि कॅलिफोर्नियात शोभेच्या कामासाठी ते २०२७ पासून बंद करायचं ठरलंय. परदेशातल्या नातेवाइकाकरवी तयार कॅपा मागवणार असाल तर हे लक्षात असू द्या. तिथून आलेली कॅप आणि इथला जुना बम्पर यांचा रंग जुळेलच असं नाही.

बम्परही पुन्हा करायचा असेल तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बम्पर आणि कॅपा एकाच कारखान्यात, एकाच वेळी द्या. आणि बम्पर पन्नास वर्षांचा, थोडा मऊ पडलेला, तसाच ठेवायचा असेल तर नव्याकोऱ्या आरशासारख्या कॅपा त्याला म्हातारा करून टाकतील. अशा गाडीला घासलेलं स्टेनलेस किंवा पितळावरचं नुसतं निकेल जास्त शोभतं, असं मला वाटतं. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेचे परीक्षक कदाचित मान्य करणार नाहीत.

४. पर्याय: कोणत्या फिनिशमध्ये काय मिळतं

निकेल-क्रोम. लोक ज्याला क्रोम म्हणतात त्यात क्रोम नावापुरतंच असतं, अर्ध्या मायक्रॉनच्या आत-बाहेर. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. क्रोमचं काम रंग देणं आणि ओरखडा थोपवणं. पाणी अडवतं ते खालचं निकेल. लोखंडावर निकेल बसलं की गंजण्याची पाळी लोखंडाची येते, कारण दोघांत दुबळं तेच. निकेलमध्ये एक छिद्र राहिलं की सगळा गंज त्या एका जागी जोर करतो. म्हणून भावाच्या घासाघिशीत निकेल पातळ करू देऊ नका. पावसात फिरणाऱ्या गाडीच्या लोखंडी कॅपला २५ ते ३० मायक्रॉन निकेल मागा. घरातल्या नळाला किंवा शोपीसला १० चालतं आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत तर बहुधा तेच मिळतं. चांगला प्लेटर दोन थरांचं निकेल देतो, आधी सेमी-ब्राइट (कमी चमकीचं) आणि वर ब्राइट (चमकदार). गंज वरच्या थरात आडवा पसरतो, खाली उतरत नाही. निकेलच्या खाली तांब्याचा जाड थर द्या म्हणावं. त्यानं बारीक खड्डे भरतात आणि तो घासून गुळगुळीत करता येतो.

"फ्लॅश क्रोम" हा शब्द कानावर पडला की थांबा. अनेकदा त्याचा अर्थ नावाला निकेल आणि वर क्रोमचा हात, एवढाच असतो. पितळी कॅपवर ते एखादा सीझन निभावून जाईल. लोखंडावर नाही.

नुसतं निकेल. १९२० च्या दशकातल्या गाडीला हेच हवं. हवेनं मंद होत जातं, अधूनमधून पुसावं लागतं. पुसण्याचा कंटाळा असेल तर घेऊ नका.

घासलेलं स्टेनलेस. रोज वापरायच्या गाडीला माझी पहिली पसंती. थरच नाही, त्यामुळे पापुद्रा सुटायचा प्रश्न नाही. चेप पडला तर ठोकून, पुन्हा घासून पूर्ववत होतं. फोक्सवॅगन बीटलच्या तयार नकली कॅपा बाजारात क्रोमच्या आणि स्टेनलेसच्या अशा दोन्ही मिळतात, त्या शेजारी ठेवून बघितल्या की फरक कळतो. स्टेनलेस जरा करडं, खोल दिसतं. पाच पावलांवरून कुणाला कळत नाही. बम्परच्या अगदी लगत आलं तर कळतं.

घासलेलं ॲल्युमिनियम. दिसतं पांढरट, मऊ. चेपतं लवकर आणि खारट हवेत त्यावर पांढरे खड्डे पडतात. ॲनोडाइज केलं, म्हणजे विजेनं वर कडक थर आणला, तर टिकतं, पण आरशासारखी चमक थोडी मंदावते आणि नंतर ओरखडा पडला तर तो थर काढल्याशिवाय घासता येत नाही. धुण्याचा सोडा आणि आम्लाचे व्हील क्लीनर दोन्ही त्याला खातात. ॲल्युमिनियमवर क्रोमही होतं, फक्त आधी झिंकेटची, म्हणजे जस्ताचा पातळ थर देण्याची, प्रक्रिया नीट व्हायला हवी. ती घाईत उरकली की थर फुगून निघतो.

रंग. साध्या मॉडेलच्या कॅपा रंगवलेल्याच असत, उदाहरणार्थ जर्मनीतल्या स्टँडर्ड बीटलच्या. तुमच्या गाडीला तेच मूळ असेल तर पैसे वाचले. क्रोमच्या कॅपवरच्या खोलगट अक्षरांत रंग भरायचा असेल तर आधी प्लेटिंग, मग रंग. क्रोमवर रंग धरत नाही, तेवढाच भाग हलका खरवडून एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला पकडून ठेवणारा प्रायमर, लावावा लागतो.

स्प्रे क्रोम आणि प्लास्टिकवरचं मेटलायझिंग. यात धातूचा अतिशय पातळ थर आणि त्यावर लॅकर असतं. नवं असताना फोटोत उत्तम. उन्हानं लॅकर पिवळं पडलं की खाली घासायला काहीच नसतं. लग्नाच्या वरातीपुरती गाडी सजवायची असेल तर ठीक.

५. गाडी कुठे उभी राहते?

पुण्यात, बंद गॅरेजमध्ये, रविवारी बाहेर पडणारी गाडी असेल तर वरचं काहीही चालेल. रत्नागिरी, अलिबाग, पणजी किंवा मुंबईत समुद्राच्या बाजूला उघड्यावर असेल तर लोखंडी पत्र्याची कॅप शक्यतो टाळा. पितळावर निकेल-क्रोम किंवा ३०४ स्टेनलेस घ्या. खाऱ्या हवेत ३०४ वरही चहाच्या डागासारखे तपकिरी ठसे उमटतात, पण ते पुसले जातात, सहसा आत शिरत नाहीत. ४३० वर ते जास्त पडतात.

६. घासण्याचं काम स्वतः बघा

चमक टाकीत येत नाही. ती आधीच, घासणीच्या चाकावर आलेली असते. प्लेटिंग खालचं सगळं जसंच्या तसं दाखवतं, उलट ओरखडे जरा उठूनच दिसतात. म्हणून कॅप प्लेटिंगला जाण्याआधी एकदा स्वतः बघायला जा आणि तेव्हाच खोट काढा. त्यानंतर काही करता येत नाही.

सगळ्यात मोठा धोका अक्षरांना. बफिंगवाला (घासून चमकवणारा) कडक सिसलच्या, म्हणजे काथ्यासारख्या धाग्याच्या, चाकावर जोरानं कॅप धरतो, घुमट सुंदर निघतो आणि मधल्या बोधचिन्हाच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. त्याला आधीच सांगा की अक्षरांवर मऊ सुती चाक आणि हात हलका. कॅपवर बारीक गोल रेघा असतील तर त्यांनाही हेच लागू. जमत असेल तर बोधचिन्ह वेगळं करून मागाहून बसवा. ते जस्ताचं कास्टिंग असेल तर जास्तच जपा. त्याची वरची कातडी घट्ट असते आणि आत बारीक पोकळ्या असतात. कातडी घासून गेली की प्लेटिंगवर फोड येणारच.

कॅप धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा. काही गाड्यांत त्या चाकावर असतात, काहींत कॅपच्या आत. आत असतील तर प्लेटिंगआधी काढून घ्या. कडक स्प्रिंग स्टील आम्लात आणि टाकीत हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं आणि नंतर कधीतरी ताणाखाली तडकतं. कॅप हायवेवर निघून जाते, ती अशानं. रिव्हेट केलेल्या असल्यामुळे काढता येत नसतील तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत साधारण १९० ते २२० अंश सेल्सियसवर काही तास भाजायला सांगा. प्लेटरकडे भट्टी नसेल तर दुसरा प्लेटर बघा.

७. प्लेटर निवडणं आणि कागद

इलेक्ट्रोप्लेटिंग हा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल वर्गातला उद्योग आहे. परवाना असलेला, सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा कारखाना गाठा. भाव जास्त पडेल. गल्लीतल्या शेडमध्ये स्वस्तात होतं ते पाणी कुठल्या नाल्यात जातं ते विचारा, म्हणजे स्वस्त का ते कळेल. आणि व्हिडिओ बघून घरी क्रोमिक आम्लाचा प्रयोग करायचा विचार असेल तर तो आजच सोडा.

मोठे कारखाने चार-पाच नगांना हात लावत नाहीत. मोटरसायकलची आणि जुन्या गाड्यांची कामं घेणारे प्लेटर गाठा, त्यांच्याकडे आधीची कामं बघायला मिळतात. नवं काम बघू नका, दोन पावसाळे काढलेलं बघा.

कागदावर एवढं हवं: नगांची संख्या, मूळ धातू, तांबं-निकेल-क्रोम की आणखी काही, निकेल किती मायक्रॉन, क्रोम हेक्झा की ट्राय, मागची बाजू कशी सोडणार, अक्षरं जपायची सूचना, आणि खराब निघाल्यास पुन्हा करून देण्याची मुदत. मागच्या बाजूचं विसरू नका. घुमटाच्या आत विजेचा प्रवाह नीट पोचत नाही, तिथे थर पातळच बसतो. लोखंडी कॅप असेल तर आतून वेगळा प्रायमर आणि रंग मारून घ्या.

पाच नग करा. पाचवी कॅप आज महाग वाटते, पण चार वर्षांनी एक हरवल्यावर तोच रंग त्याच प्लेटरकडूनही पुन्हा मिळेल याची खात्री नाही.

८. ताब्यात घेताना

उन्हात न्या. कॅप तिरकी धरून तिच्यात इमारतीची सरळ कड बघा. ती लाटेसारखी हलली तर घासणं कच्चं आहे. कडा जळल्यासारख्या करड्या, खरखरीत असतील तर प्रवाह जास्त झाला होता. खोलगट भागात पिवळट दिसलं तर तिथे क्रोम पोचलेलं नाही, नुसतं निकेल आहे. पाचही कॅपा ओळीनं मांडून रंग जुळतो का बघा.

रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन क्रोम तपासायला जाऊ नका. लोखंडावरची ही साधी मीटरं थर चुंबकाला दाद देत नाही असं धरून चालतात. निकेल स्वतःच चुंबकीय आहे, त्यामुळे आकडा चुकीचा येतो आणि उगाच भांडण होतं. जाडीचा खरा पुरावा हवा असेल तर एक्स-रेवर चालणारी तपासणी करून घ्या, प्रयोगशाळांत ती होते.

९. बसवणं आणि पुढे

चाकावरची जागा आधी साफ करा, गंज काढा, क्लिपांना ग्रीसचा बारीक हात द्या. कॅप दोन क्लिपांवर टेकवून तिसऱ्या बाजूनं तळहाताचा फटका द्या. रबरी हातोडी वापरायची तर मध्ये जाड कापड धरा आणि घुमटावर नको, कडेवर मारा. हवा भरायच्या व्हॉल्व्हचं भोक जुळलंय ना ते आधी बघा. पहिल्या लांब फेरीनंतर थांबून चारही कॅपा हातानं हलवून बघा.

धुवायला साधं पाणी, सौम्य शाम्पू आणि मऊ कापड. पावसाळ्याआधी कार्नाउबा मेणाचा एक हात. देवघरातली भांडी घासायची पितांबरी, चिंच, लिंबू यांपासून या कॅपा लांब ठेवा. ते तांब्या-पितळेसाठी ठीक आहे, पण अर्ध्या मायक्रॉनच्या क्रोमवर घासायची पूड चालवली तर खालचं पिवळसर निकेल वर यायला वेळ लागत नाही. पाचवी कॅप सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा, वर्तमानपत्रात नको. कागद ओल धरतो.